इरफान, मिलिंद आणि माझा जीव

एका खोलीत तिघं चार वर्षं राहिले की अभ्यास होवो न होवो, किस्से मात्र साचतातच! राजधानीतल्या मुनिरक्यातली आमची खोली, यूपीएससीची तयारी. वर्ध्याचा मिलिंद बौद्ध, उदगीरचा इरफान मुसलमान आणि सांगलीचा मी, संजू. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

*

डेंग्यूचे दिवस. इरफान बॅट घेऊन डासांवर तुटून पडला. मिलिंदचं पहिलं शील, जीव घ्यायचा नाही! तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"मला काय हौस आहे?" इरफान म्हणाला. "पण डेंग्यूनं तूच गेलास तर? माणसाचा जीव आधी!"

मिलिंद वळलाच नाही. हळूच म्हणाला, "इथं माझ्यासमोर एक बसलाय बे!"

*

क्लासमध्ये एथिक्सच्या टेस्टला प्रश्न आला: मानवी जीवन पवित्र का? आपलाच धर्म मिरवायला नको म्हणून मिलिंदनं इस्लामवर लिहिलं, इरफाननं बौद्ध धम्मावर. दोघांना झकास मार्क! मी दोन्हींवर लिहिलं. सर म्हणाले, "ये तो उन दोनों की बात हुई. तुम क्या मानते हो?"



*

घरमालक अंकलचं ऑपरेशन होतं, रक्त हवं होतं. रमजान चालू. इरफाननं रोजा मोडला, पोटभर खाल्लं आणि रक्त दिलं. आंटी रडायलाच लागल्या. "रोजा फिर रख लूँगा आंटी," तो म्हणाला, "अंकल दूसरे कहाँ से लाएँगे?"

मिलिंद सुई बघूनच आडवा झाला! इरफानचा ज्यूस त्यालाच पाजावा लागला.

*

प्रिलिमचा निकाल लागला. ते दोघं पास. मी नापास, आणि तो माझा शेवटचा अटेम्प्ट. जेवणाचं ताट सरकवून मी म्हणालो, "आता जगून काय करायचं?"

इरफाननं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. त्या दिवसापासून दोघं मला एकटं सोडेनात! दूध आणायला इरफान सोबत, लायब्ररीत मिलिंद. मी पार वैतागलो.

पंधरा दिवसांनी मिलिंदच्या कपाटात साबण शोधताना दाराला आतून चिकटवलेलं टाइमटेबल दिसलं. सहा ते नऊ, इरफान: संजू. नऊ ते बारा, मिलिंद: संजू. असंच रात्रीपर्यंत. शुक्रवारी नमाजपुरती अदलाबदल. त्यासाठी इतिहासाची रिव्हिजन खोडलेली, आणि दोघांची मेन्स तोंडावर!

मी रडलो, भांडलो. "मी ठीक आहे यार, बंद करा हे!"

"तू मध्ये बोलू नको," मिलिंद म्हणाला. "सिलॅबस संपला नाही अजून."

आता मी मयूर विहारला राहतो, नोकरी करतो. सहा वर्षं झाली. सकाळी सहाला इरफानचा फोन येतो, "उठलास का?" नऊला मिलिंदचा, "पोचला का बे ऑफिसला?"