तिसरी भिंत

बाई तळहातानं भिंतीवर दोनदा थापटायच्या आणि विचारायच्या, "ही भिंत झाली का तुझी?"

झाली म्हणायला पोरं घाबरायची. झाली म्हटलं की पुढची भिंत आली, आणि पुढच्या भिंतीला सगळंच नवं.

आमच्या शाळेत इयत्ता म्हणजे भिंत. राहात्याच्या पलीकडे पेरूच्या बागांमध्ये आमची वस्ती. शाळेला खोली एक, बाई एक आणि इयत्ता चार. दारातून आत आलं की डाव्या हाताची भिंत पहिलीची. समोरची, खिडकी असलेली, दुसरीची. उजव्या हाताची तिसरीची. तिला खिडकी नाही की खुंटी नाही. आणि जिच्यात दार, ती चौथीची. प्रत्येक भिंतीचा खालचा भाग काळा रंगवलेला. मध्ये स्टुलावर बाई. शिकवताना त्या जागच्या उठत नसत, नुसत्या फिरत. त्यांचं तोंड आपल्याकडे झालं की आपला तास सुरू.

तुमच्यापैकी कुणी अशा शाळेत बसलं असेल तर त्याला ठाऊक असेल, तिथं कुठलीच गोष्ट एकदाच शिकायला मिळत नाही. पहिलीत असताना चौथीची कविता कानावर पडते, आणि चौथीत गेलं तरी पहिलीची बाराखडी शेजारी पुटपुटत असते. दुपार कलली की खिडकीतून ऊन आत यायचं आणि जमिनीवरून सरकत सरकत दाराकडं निघायचं. त्यात खडूची धूळ तरंगायची. पिकल्या पेरूंचा वास यायचा, बागेत पोपट भांडायचे. पाढे, पोपट, कविता, सगळं एकमेकांत मिसळून जायचं आणि आपण जागे आहोत की झोपेत ते कळायचं नाही.

अजून मला झोपेत ती खोली दिसते. कधी तिथं बाजार भरलेला असतो, कधी तिच्यातूनच पेरूची झाडं उगवलेली असतात. पण मी कुठल्या भिंतीला बसलेय ते बघावं लागत नाही. तिसरीच्याच.

कारण तिसरीच्या भिंतीला बाईंनी मला दोन वर्षं बसवलं.

मी नापास होण्यातली पोरगी नव्हते. तीसपर्यंतचे पाढे मला तोंडपाठ. चौथीच्या पोराला उत्तर सुचलं नाही की मी माझ्या भिंतीवरून ओरडून सांगायचे. त्या वर्षी निकालाच्या दिवशी बाईंनी एकेकाला उठवून पुढच्या भिंतीला पाठवलं. मी दप्तर उचललं तशा म्हणाल्या, "तू बस. तुझी भिंत अजून झाली नाही."

"झाली की! इचारा ना काय बी!"

"बस म्हटलं ना."

मी भिंतीला लाथ मारली. काळ्या रंगाचा पोपडा निघून खाली पडला. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि स्टुलावर वळून पहिलीला 'कमळ' लिहायला सांगितलं. तेवढ्यात दुसरीतून पास झालेला माझा धाकटा भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. दात काढत म्हणाला, "अक्के, सरक की जरा."

ते वर्ष मी जळत काढलं. भावाच्या पाटीवर साध्या बेरजा-वजाबाक्या, आणि माझ्या पाटीवर? एका व्यापाऱ्यानं शेकडा इतक्या नफ्यानं माल विकला तर खरेदी केवढ्याची? दोघांची भागीदारी, एकाचं भांडवल जास्त, तर वाटणी कशी? तिसरीच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. मला वाटायचं, ही लाथेची शिक्षा. रागारागानं मी गणितं सोडवायचे. पाटी पुढं केली की बाई बघायच्या, पुसायच्या आणि आणखी अवघड घालायच्या.

मग चौथी आम्ही बहीण-भावानं एकदमच केली. चौथीच्या भिंतीतल्या दारातून राहात्याचा रस्ता दिसायचा. जूनमध्ये भाऊ त्या रस्त्यानं हायस्कूलला गेला, पाचवीत. पुढं दहावी, मग नगरला कॉलेज. मी त्याच दारातून बाहेर पडले आणि शेळ्यांमागं गेले.

नंतरचं थोडक्यात सांगते. शिर्डीच्या रस्त्याला पेरूची पाटी घेऊन बसले. आता मी उभ्या बागा विकत घेते. झाडाखालून एक चक्कर मारली की बाग किती माल देईल ते मनात मांडते, आणि एकदा भाव बोलले की शेतकऱ्याच्या ओट्यावरून उठत नाही. बाजारात म्हणतात, बाई लई तापट. म्हणोत. पण कुणी शिक्षण विचारलं की मी पेरूचा भाव सांगायला लागते. चौथी. त्यातही तिसरी दोनदा. बाई कुठं भेटल्याच तर त्यांच्या तोंडून मला एकच शब्द हवा होता: चुकलं. तेवढा वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही, असं मी कधीच ठरवून ठेवलं होतं.

भेटल्या त्या नगरच्या सावेडीत. आमचा टेम्पो रस्त्याकडेला लावून मी स्वतः विकत होते, कारण टेम्पोवरचं कामाचं पोरगं दांडी मारून बसलेलं. एका म्हातारीनं टेम्पोच्या फळीवर तळहातानं दोनदा थापटलं. "कुठल्या बागेचे गं?"

ते थापटणं ऐकलं आणि माझ्या हातातला पेरू हातातच राहिला.

बाईंनी चष्मा वर-खाली केला. "तिसरीतली ना तू?"

"तिसरीतली?" मी भर रस्त्यात भडकले. "तीन टेम्पो हायेत माझे! आन तिसरीतली न्हाई, दोनदा तिसरीतली!"

"तीच ती," बाई शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाल्या. "अजून लाथ मारते."

त्यानंतर नगरला खेप असली की मी त्यांच्याकडं जायला लागले. वसुलीला जाते असं मी स्वतःला सांगायचे. हातात मात्र मऊ पिकलेले पेरू असायचे, कारण बाईंना दात नव्हते. त्या मुलाकडं राहायच्या. फ्लॅटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीत एकच खुर्ची, खिडकीच्या भिंतीला टेकवलेली.

"ही दुसरी," बाईंनी मला समजावून सांगितलं. "म्हातारपणालाही चार भिंती असतात गं. पहिलीत होते तेव्हा एकटी मंडईत जात होते. दुसरीत गुडघे गेले. तिसरीत माणसांची नावं जातात म्हणे. चौथीला दार."

सुनेला हे आवडायचं नाही. "आई, काहीतरीच बोलता," म्हणून ती चहा ठेवायला निघून जायची. बाई माझ्याकडं बघून डोळा बारीक करायच्या.

शाळेच्या गप्पा निघाल्या की त्यांना वेळेचं भान राहायचं नाही. नातवाच्या शाळेत छोटा गट, मोठा गट, मग पहिली, असं त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. "शाळेत यायच्या आधीच दोन इयत्ता होतात पोराच्या! मग पाचवीपर्यंत एक टप्पा, आठवीपर्यंत दुसरा, दहावी, मग बारावी. आकृतिबंध म्हणतात त्याला. आणि खाली कुणाला मागं ठेवायचं नाही, सगळ्यांना पुढं सरकवायचं. चांगलं आहे. मागं ठेवलेलं पोर कोमेजतं."

"आन मी कोमेजले न्हाई का?"

"तू?" बाई म्हणाल्या. "तू तर पेटलीस."

पुढच्या थंडीत त्यांची खुर्ची तिसऱ्या भिंतीला सरकली. सुनेचं नाव त्या विसरू लागल्या होत्या. मला मात्र ओळखायच्या. "काय गं तिसरी, बाग कशी आहे?" तेव्हा मला भीती वाटली. ज्या दिवशी त्या मलाही विसरतील, त्या दिवशी माझा शब्द बुडाला. म्हणून एका दुपारी मी विचारलंच.

"बाई, मला का ठेवलं हुतं तिसरीत? खरं सांगा."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मला वाटलं, हरवल्या. मग सावकाश बोलल्या, "तुझे दादा शाळेत आले होते. दारातच उभे राहिले. म्हणाले, हिच्या आईला शब्द दिलाय, पोरगी चौथी करीन. चौथी झाली की बंद. मी म्हटलं, हुशार आहे, राहात्याला पाठवा. तर म्हणाले, चौथी म्हणजे चौथी. शब्दाच्या अलीकडं न्हाई आन पलीकडं न्हाई."

दादा, म्हणजे माझे वडील, होतेच तसे. दिलेला शब्द ते कुंपणासारखा वापरायचे.

"मग मी विचार केला," बाई म्हणाल्या, "चौथी झाली की बंद ना? मग चौथी लवकर होऊच द्यायची नाही. त्यांना सांगितलं, पोर कच्ची आहे. एक वर्ष हाती आलं. वरच्या वर्गाचं जेवढं मावलं तेवढं त्यात घातलं तुझ्या डोक्यात."

नफा-तोटा. भागीदारी. रोज बागेत झाडाखाली उभं राहून जे मी मांडते, ते सगळं.

"आन चौथीत का न्हाई ठेवलं मग?" माझा आवाज चढला होता.

"चौथीचे पेपर बाहेर तपासायला जायचे गं. तिथं माझं काही चालत नव्हतं. नाहीतर म्हातारी होईपर्यंत ठेवली असती तुला."

"मला सांगायचं तरी!"

"तू गप्प बसली असतीस?"

नसते बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं असतं. पण राग कुठं तरी काढायला हवा होता. मी म्हणाले, "लई स्वस्तात गेलात बाई. एकच वरीस? मी असते तर दादांकडं बारावी मागितली असती आन सातवीवर आले असते."

बाई हसल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली. डोळे पुसत म्हणाल्या, "मला घासाघीस येत नव्हती गं."

चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही. पण माझा राग गेला असं समजू नका. आधी मागं ठेवलं म्हणून होता. आता माझा सौदा मला न विचारता केला म्हणून आहे. सौद्याला माझी हरकत नाही. बोलणी मला करू द्यायला हवी होती.

पुढच्या खेपेला गेले तर खुर्ची दाराशेजारी. बाई तिच्यात एवढ्याशा होऊन बसलेल्या, मांडीवर हात, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या.

"चौथी आली गं," त्या म्हणाल्या. "आता पेपर झाला की बाहेर."

माझं डोकं फिरलं. मी रोज पेरूचे क्रेट उचलते. बाईंना खुर्चीसकट उचलायला मला काय लागतं? उचललं आणि पुन्हा तिसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलं. सून चहाचा कप घेऊन दारातच थबकली. मी भिंतीवर तळहातानं दोनदा थापटलं.

"ही भिंत झाली का तुमची?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचे डोळे चमकले. "झाली की. विचार काहीही."

"एकोणतीसचा पाढा म्हणा."

त्यांनी सुरुवात केली. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि तिथं अडकल्या. खऱ्याच अडकल्या की मुद्दाम, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"कच्ची हाय," मी म्हणाले. "आणखी एक वरीस इथंच. बसा म्हटलं ना."

"बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि कपाकडं हात केला.

वर्ष मागितलं होतं. पेरूचा एक बहार, एक हंगाम, मिळाला. झाडं रिकामी झाली आणि सुनेचा फोन आला.

मी गेले तेव्हा घरातली माणसं पांगली होती. सुनेनं खोली उघडून दिली. म्हणाली, "शेवटी शेवटी मोकळ्या हवेला म्हणून दाराशी बसवायला गेलो, तर ऐकेनात. म्हणायच्या, मला इथंच ठेवलंय."

खुर्ची तिसऱ्या भिंतीलाच होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवरून सरकत दाराकडं निघालं होतं. खुर्चीत बसायचं मला धाडस झालं नाही. मी तिच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, पाय दुमडून खाली बसले आणि एकोणतीसचा पाढा जिथं अडला होता तिथून पुढं म्हणायला लागले.