मडक्यातला कौल

मी एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा गावात माझ्याविषयी दोन मतं झाली. काहींना वाटलं, पोरगी आता आमदारकीला उभी राहणार. उरलेल्यांना वाटलं, हिचा दुसरीकडं कुठं नंबरच लागला नसेल. कॉलेज हिंगोलीला. सकाळी आखाडा बाळापूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले की चहाच्या टपरीवरून हमखास विचारणा व्हायची, "काहो मॅडम, सरकार टिकते का पडते?" मी चेहरा गंभीर करून "आत्ताच काही सांगता येत नाही" म्हणायचे. एवढं पोटभर उत्तर त्यांना कोणत्याच पुढाऱ्यानं दिलेलं नसावं, कारण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

दुसऱ्या वर्षाला सार्वजनिक धोरण हा पेपर होता आणि त्यात लोकांचं मत कसं जाणून घ्यायचं याचं प्रात्यक्षिक. नेमकी त्याच वेळी आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपदाला आमचे काका उभे राहिले. उभे राहिले म्हणजे भावकीनं उभं केलं. काकांना जन्मात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. आमची फवारणीची टाकी वर्षभर गावात फिरते आणि आम्हाला हवी असते तेव्हा शोधायला जावं लागतं. भावकीतली माणसं आली, चहा प्याली, "औंदा आपलाच माणूस पायजे" म्हणाली. काका म्हणाले, "बराबर हाय." एवढ्या बोलण्यावर त्यांचा अर्ज भरला गेला.

मी कागद घेऊन घरोघर सर्वेक्षणाला निघाले. पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "तुह्या काकालाच की! बस, च्या घे." दुसऱ्या दारात तेच, वर च्यासोबत पोहे. तांड्यावर गेले तर तिथंही काकाच. समोरच्या उमेदवाराचं खताचं दुकान आहे, त्याच्या घरीही गेले. त्याच्या म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून सांगितलं, "माय, तुह्या काकाबिगर हाय कोण गावात?" मी छाती फुगवून कॉलेजात गेले आणि सरांना सांगितलं की माझ्या सर्वेक्षणानुसार निवडणूक जवळजवळ बिनविरोध आहे.

सर कागद बघत राहिले. "समोरच्या उमेदवाराची आईसुद्धा?"

"हो सर. तिनं तर शेंगदाण्याचा लाडूपण दिला."

"मग ही मतं नाहीत, हा पाहुणचार आहे," सर म्हणाले. "गावच्या लेकीला दारात नाही कोण म्हणेल? गुप्त मतदान घे. आधी घरात करून बघ, मग गावात."

आता मला हसू येईना. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, आणि काका पडले तर कसे दिसतील हे मला डोळ्यांपुढं आणवत नव्हतं. काका मला फार आवडतात. गेले काही दिवस ते जेवताना भाकरी नुसती कुस्करत बसायचे. आम्ही सगळे आपापसांत म्हणायचो, प्रचाराचा ताण आहे.

त्या संध्याकाळी मी अंगणात एक मडकं ठेवलं आणि त्यावर फडकं बांधून हात जाईल एवढं भोक ठेवलं. प्रत्येकाला एक तुरीचा दाणा दिला, एक हरभऱ्याचा. तूर म्हणजे काका, हरभरा म्हणजे खतवाले. हवा तो मडक्यात टाकायचा आणि उरलेला मुठीतूनच कोंबड्यांपुढं फेकायचा. म्हणजे कोणाचं मत कुणाला गेलं हे फक्त कोंबड्यांना ठाऊक राहणार होतं, आणि त्या फुटणाऱ्या नव्हत्या. मी मत देणार नव्हते, कारण मी शास्त्रज्ञ होते.

काकी, आई, बाबा, चुलतभाऊ, सगळ्यांनी मडक्यात हात घातला. काका मतदार म्हणून शेवटी आले, नव्या कडक शर्टाची बाही वर सारून.

"म्या तं तूरच टाकली बा," काकी न विचारताच म्हणाली.

"आता घरच्यानंच न्हाई टाकली तं कोण टाकंल?" बाबा म्हणाले. आई आणि भाऊही त्यांच्या मागून तूर तूर करू लागले. काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्या बी तूरच."

मी मडकं सुपात उपडं केलं. सुपात सगळे हरभरेच होते. तुरीचा एक दाणा नव्हता.

बाबांना एकदम गोठ्यातलं काम आठवलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती की लाजत होती, कळेना. मला मात्र सर्वेक्षण भलतंच यशस्वी झाल्याचा आनंद झाला होता, तेवढ्यात काकी सुपावरून नजर उचलून काकांकडं बघत हळूच म्हणाली, "तुमी बी?"

काका ओट्यावर बसले. "तो बरा हाय गड्या," ते म्हणाले. "त्याला तहसीलीतलं समदं कळते. मला तं सायेबापुढं बोलताच येत न्हाई. हातपाय गार पडून राहिले माहे. पर भावकीला आता न्हाई कसं म्हणू?"

एवढा मोठा माणूस भ्यालेला मी पहिल्यांदाच बघितला. मला रडू आलं. सार्वजनिक धोरणाच्या पुस्तकात यावर काही उपाय दिलेला नव्हता.

सकाळी भावकी प्रचाराला जीप घेऊनच आली. काकांनी तोंड उघडलं आणि नेहमीच्या सवयीनं "बराबर..." एवढं बाहेर पडलं देखील. तेवढ्यात काकी पिठाच्या हातानं बाहेर आली. "ह्ये उभं राहणार न्हाईत," ती म्हणाली. "म्या न्हाई म्हणते."

जीपमधली माणसं खाली उतरली. त्यांतला सर्वांत वडीलधारा काकांजवळ आला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काहून रे, बायकोचं ऐकून राहिला व्हय तू?"

गल्ली हसली. काकांनी एकदा काकीकडं बघितलं, मग त्या सगळ्यांकडं, आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, "व्हय. ऐकून राहिलो."