होस्टाच्या वड्या

आधी कबुली देते. अमरावतीच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली, कबुली कशी द्यायची ते मला ठाऊक आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला जाऊबाईंनी केलेल्या वड्या मी एक नाही, दोन नाही, चार खाल्ल्या. वर भर पंगतीत म्हणाले, "यंदा अळू मुळीच खाजलं नाही, जाऊबाई! घशाला लागलंच नाही!" जाऊबाई वाढता वाढता खूश होऊन हसल्या.

पंगत उठली. मी खरकटं टाकायला मागच्या अंगणात गेले आणि जागीच थिजले. कडुनिंबाखाली, भिंतीच्या सावलीत जी मोठी कुंडी होती, तिच्यात नुसते देठांचे बुडखे उभे होते. एक पान नाही. हातातलं पातेलं धाडकन खाली पडलं. "अगं माय!" एवढंच तोंडातून निघालं.

त्या कुंडीत होस्टा होता. थंड मुलखातलं, सावलीत वाढणारं झाड. बशीएवढी निळसर हिरवी पानं. खायचं नाही, विकायचं नाही, देवाला वाहायचं नाही, नुसतं पाहायचं. आमचे हे शाळामास्तर होते. रिटायर झाल्यावर ह्यांनी डोंगराकडल्या एका नर्सरीतून ते कुरिअरनं मागवलं. मी हसले होते. "अहो, मे महिन्यात इथं माणसं वाळून जातात, हे काय टिकतं?" पण ह्यांना वेडच लागलं. उन्हाळाभर कुंडीला ओलं पोतं गुंडाळायचं, दुपारी कूलर घरात कमी आणि अंगणाकडे जास्त. त्या झाडाला हिवाळ्यात कडक थंडीत निजावं लागतं म्हणे, आणि आपली थंडी त्याला पुरत नाही. म्हणून दिवाळी झाली की हे त्याचे तिन्ही गड्डे उपटायचे, ओलसर भुशात गुंडाळायचे आणि फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवायचे. थेट होळीपर्यंत. मेथी, गाजरं आणि होस्टा.

अशाच एका हिवाळ्यात हे गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतं म्हणाले, दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरवी झाल्यावर मी भाजी काढायला कप्प्यात हात घातला, तर भुशातली ती पुडी हाताला लागली. माणूस गेला आणि ह्यांचं झाड आत निजलेलं! फ्रीजचं दार तसंच उघडं टाकून मी फरशीवर बसून राहिले. होळीला गड्डे लावले. चैत्रात पोंगा निघाला, म्हणजे मधली कोवळी गुंडाळलेली पानं, तेव्हा मी स्वतःला बजावलं, हे जगलंच पाहिजे. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांचं म्हणून जगवावं असं माझ्याकडे दुसरं होतं काय?

आमच्यात महालक्ष्म्या एक वर्ष अकोल्याला मोठ्या दिरांकडे, एक वर्ष आमच्याकडे. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच त्या अमरावतीला बसल्या होत्या, म्हणून जाऊबाई अकोल्याहून आल्या होत्या. सासर माळ्याचं. जाऊबाईंचा जन्म भाजी पिकवण्यात आणि विकण्यात गेला. सासूबाई लवकर वारल्या, तेव्हा सात वर्षांच्या ह्यांना त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं.

अंगणात उभी असताना आधी मी घाबरले. पंधरा माणसं जेवून गेलेली! तिथंच मोबाइलवर शोधलं. विषारी नाही, परदेशात त्याच्या कोंबांची भाजी करतात म्हणे. जीव भांड्यात पडला. आणि मग माझं डोस्कं फिरलं.

"जाऊबाई! कुंडीतली पानं तुम्ही तोडली?"

"हो न व. हायब्रीड अळू होय न थे? म्या आंधी जिभेले लावून पाह्यलं, खाजलं नाही. म्हटलं घरचं असतानी बाजारातलं कायले आनू? त्याले लहानपनी वड्या लय आवडे."

"ते अळू नव्हतं! ते नुसतं पाहायचं झाड होतं!"

"नुसतं पाहाचं?" त्यांना खरंच कळेना. "माळ्याच्या पोरानं लावलं म्हनजे खायचंच असन न माय!"

"दोन वर्षं जिवापाड जपलं मी ते! तुम्ही ह्यांना कापून शिजवलं, जाऊबाई!"

बोलून गेले. चार वड्या मीच चापल्या होत्या, ते त्या वेळी सोयीस्कर विसरले. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला झारा त्यांनी हळूच ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्या अकोल्याला निघून गेल्या. महालक्ष्म्या उठायच्या आधी घरची मोठी सून उठून गेली! असं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. मी दारात उभी होते. थांबा म्हणाले नाही.

पुढे पंधरा दिवस मी कुंडीकडे फिरकलेसुद्धा नाही. पाणी नाही, काही नाही. पावसानं जे दिलं ते दिलं. एका सकाळी कुंडी रिकामी करून टाकू म्हणून खुरपं घेऊन गेले आणि वाकले, तर हात तसाच राहिला. तिन्ही गड्ड्यांच्या मधोमध नवी पानं उलगडत होती.

मी खाली बसून नीट पाहिलं. भोवतालचा एकेक देठ बोटभर ठेवून तिरपा कापलेला होता. मधल्या पोंग्याला कुठेही धक्का नाही, तिन्हींच्या. पंधरा माणसांचा स्वयंपाक अंगावर असताना त्या बाईनं इथं बसून, पोंगा वाचवून, पान न पान मोजून कापलं होतं. भाजी तोडावी, झाड मारू नये, हे त्यांच्या हातात मुरलेलंच होतं. आणि जपलं जपलं म्हणून ओरडणारी मी ते उपटायला आले होते! मला माझीच शरम वाटली. हाताची माती न धुताच मी अकोल्याला फोन लावला.

मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, "जगलं का व थे झाड?"

"जगलं, जाऊबाई. तिन्ही पोंगे उलगडले."

मग म्हणाल्या, "रोज फोन हातात घेऊन राह्यली होती. इचाराची हिंमतच होये ना. मले वाटलं, म्या माह्या हातानं त्याले..."

ह्यांच्या तेरवीलाही जिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, ती बाई फोनवर लेकरासारखी हमसून हमसून रडत होती.