मुलाच्या मापाची सीट

मी गाडीची सीट पुढे ओढली. बाकी काही केलं नाही, पण तेवढं पुरलं.

गाडी आमच्या सोसायटीतल्या काकांच्या मुलाची. तो परदेशात असतो. दिवाळीला नाशकात येतो, चार दिवस गाडी फिरवतो आणि जातो. मग थंडी पडली की काका ती वर्षभरासाठी झाकून ठेवायच्या तयारीला लागतात. बॅटरी सोडवतात, टायरांत हवा भरतात, चाकांना विटा लावतात. मनमाडला रेल्वेत डब्यांच्या चाकांना ठोकळे लावण्यात नोकरी झालेली, त्यामुळे वीट लावली की तिला लाथ घालून बघतात. आणि प्रत्येक सूचनेआधी ‘म्हणजे कसं’.

यंदा मदतीला मी होतो.

“म्हणजे कसं, हँडब्रेक सोडा. लय दिवस लावून ठेवला की चिकटतो.”

मी आत बसलो. माझे पाय ब्रेकला पोचेनात, म्हणून सीट ओढली.

काकांनी दार उघडून पाहिलं. मला उतरवून स्वतः बसले. एकेक खाच सीट मागे सरकवायची आणि पाय लांब करून बघायचा, असं सुरू झालं.

“अजून पोचतोय,” ते पुटपुटले. “पोरानं लावलेल्या सीटवर माझा पाय क्लचला पोचत नाय.”

शेवटी पाय हवेत राहिला. तरी त्यांची खात्री होईना. स्टीअरिंग धरून ते पुन्हा एक खाच पुढे, एक खाच मागे करून बघू लागले.

मी धीर द्यायला गेलो. “काका, तो आला की घेईल की सरकवून.”

“तुमच्यापेक्षा उंदीर परवडले,” काका म्हणाले. “ते नुसत्या वायरी खातात.”