कान्हेरीच्या पायऱ्या आणि बाबांचा उजवा हात

पक्षाघातानंतरच्या चौदा महिन्यांत बाबा घराबाहेर पडले ते फक्त दवाखान्यासाठी. नोव्हेंबरात डॉक्टरांनी सहज विचारलं, "बरे झालात की कुठे जायचंय?" बाबांना अजून एका वेळी एखाददुसराच शब्द जमतो. ते म्हणाले, "कान्हेरी."

विक्रोळीच्या कारखान्यातली त्यांची कामगार टोळी दर हिवाळ्यात एकदा कान्हेरीच्या चैत्यात वंदनेला जायची. शाळेत असताना मीही जायचे, मुख्यतः तिथल्या काकडीसाठी. आता अडचण इच्छेची नव्हती, पायऱ्यांची होती. बाबांचा डावा हात आणि डावा पाय नीट चालत नाही. मी यंत्रांच्या आरेखनाचं काम करते. पायऱ्या मोजता येतात.

जायच्या आधीच्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन एकटीच जाऊन आले. पायथ्यापासून चैत्यापर्यंतचे तीन टप्पे, प्रत्येक पायरीची उंची, कठडा कोणत्या बाजूला, सगळं वहीत लिहिलं. आमच्या इमारतीच्या जिन्यात बाबा उजव्या हाताने कठडा धरून रोज दहा पायऱ्या चढत होते. तेव्हा आराखडा असा : पाच पायऱ्या, विश्रांती, पुन्हा पाच. घडीची व्हीलचेअर मी मागून आणणार. कुणाची मदत घ्यायची नाही, ही अट माझी. मदत मागितली की लोक आधी आजाराची चौकशी करतात आणि मग बाबांच्या समोरच, ते तिथे नसल्यासारखं, त्यांच्याबद्दल बोलतात. मला त्याचा कंटाळा आला होता. बाबांना काय वाटायचं, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. (लेणी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत ते सोमवारी बंद असतं, आणि रविवारी गर्दी.) आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. उतरायला पंचवीस मिनिटं लागली. तळमजल्यावरचे शिंदेमामा दूध घेऊन येत होते.

"धरू का गं?"

"नको मामा, होईल."

"तुझं नेहमी होतंच," म्हणत ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

रिक्षा आदल्या दिवशीच ठरवली होती. चालक परब, कणकवलीचे. घडी केलेली व्हीलचेअर रिक्षात पायांपुढे आडवी बसते. तिच्यावर पाय ठेवून बसावं लागतं, पण बसते. पवईवरून जोगेश्वरीच्या जोडरस्त्याने हायवेला लागलो. सकाळी हा रस्ता तासाभरात बोरिवलीला पोचवतो. नऊनंतर निघालात तर काही सांगता येत नाही. कांदिवलीला हायवेलगत उपमा खाल्ला. एका हाताने खायला उपमा सोपा. बाबांनी दोन बशा संपवल्या.

उद्यानाच्या दाराशी परब म्हणाले, "मी येव काय वर? बाबांका आधार होईल."

"गरज नाही. तुम्ही इथेच थांबा."

"बरा तर," ते म्हणाले, पण बाबांना बसमध्ये बसवेपर्यंत हलले नाहीत.

आतली बस लेण्यांच्या पायथ्याशी सोडते. जंगलातला हा रस्ता प्रवासाचा निम्मा आनंद आहे, खिडकी सोडू नका. खाऊ मात्र पिशवीत बंद ठेवा, माकडं पिशव्या ओळखतात.

पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे झाला. दोन्ही बाजूंना कठडा. बाबा चढत होते, थांबत होते, पुन्हा चढत होते. टप्प्याच्या टोकाला काकडी आणि बोरं विकणाऱ्या ताराबाई बसल्या होत्या, उद्यानातल्याच पाड्यावरच्या. "बाबाला हात देऊ?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मग दुसरा टप्पा. एकवीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. डाव्या.

मी वही उघडली. वहीत "कठडा उजवीकडे" असं स्वच्छ लिहिलं होतं. मोजमापं घेताना मी वरून खाली उतरत आले होते. उतरताना तो उजवीकडेच होता. एकवीस पायऱ्यांची उंची माझ्याकडे मिलिमीटरमध्ये होती, आणि बाबांना धरायला काहीच नव्हतं.

मी त्यांच्या उजवीकडे खांदा दिला. दुसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा दुमडला, आम्ही दोघं कसेबसे सावरलो. मी त्यांना खाली आणून खुर्चीत बसवलं. वर चैत्याच्या दर्शनी भिंतीचा कोपरा दिसत होता. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "घरी."

तो शब्द अगदी स्पष्ट आला.

बाजूने एक कुटुंब चढत होतं : पांढरे बूट घातलेले काका, काकू आणि कॉलेजात जाणारी मुलगी.

"काका, जरा हात लावाल का?" पाच शब्दांचं वाक्य. उच्चारायला मला चौदा महिने लागले.

"अहो, त्यात काय!" काकांनी बाह्या सरसावल्या.

"पाठ धरेल हं तुमची," काकू म्हणाल्या. "मुलुंडला चार गोण्या उचलल्या होत्यात, आठ दिवस झोपून होतात."

"गोणी बोलत नव्हती ना, उचल नीट म्हणून."

आजाराची चौकशी कुणीच केली नाही. मुलीने विचारलं ते थेट बाबांना, "आजोबा, पुढून धरू की मागून?"

चौथं माणूस हवं होतं. ताराबाई उठल्याच होत्या. "रोज दोन टोपल्या डोक्यावर चढवते मी. हा बाबा काय जड?" मी नको म्हटल्याची त्यांनी आठवणही काढली नाही. डोक्यावरच्या टोपलीखालची कापडी चुंबळ त्यांनी मुलीच्या हातात दिली, "पाइप रुततो, हे लाव." काकू टोपलीपाशी चप्पल उगारून माकडांवर पहाऱ्याला बसल्या.

मी सांगितलं, हात ठेवायचे दांडे निघतात, खालची चौकट धरा. आम्ही उचलली, तीन पायऱ्या चढलो, आणि खुर्ची कलली.

बाबांनी उजवी मूठ वर केली. थांबा.

आम्ही थांबलो. त्यांनी बोटाने काकांचा हात दाखवला, मग चौकटीतली खालची जागा. काकांनी पकड बदलली. ताराबाईंना अर्धी पायरी मागे घेतलं. मग तर्जनी वर करून हवेत छोटी वर्तुळं : उचला.

खुर्ची सपाट वर गेली.

"हे काय करायचे हो आधी?" काका धापा टाकत म्हणाले.

"खलाशी मुकादम होते. कारखान्यातल्या अवजड यंत्रांना दोरखंड बांधून क्रेनने हलवायची टोळी. क्रेनवाल्याला हाताने इशारे द्यायचे."

"मग बरोबर. आपण क्रेन!"

मूठ, बोट, तळवा. खालून येणारी माणसं न सांगता कडेला झाली, वरून उतरणारी थांबली. बोलता न येणारा माणूस चौघांना हुकूम देत होता आणि चौघंही ऐकत होते. तिसऱ्या टप्प्याला कठडा दोन्हीकडे होता, बाबा तिथे चढू शकले असते. कुणी खुर्ची खाली ठेवायचं नावच काढलं नाही. चैत्याच्या दारात त्यांनी तर्जनी खाली वळवली, आणि खुर्ची आवाज न करता टेकली.

आत खांबांच्या दोन रांगा, टोकाला स्तूप. बाबांनी उजवा हात छातीशी नेला. डावा मी उचलून त्याला लावला. त्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ पूर्ण आली. दुसरीही. तिसरीही. ते अडखळले नाहीत. दगडाच्या कमानीतून तो आवाज घुमून परत आला, कारखान्यातल्या आवाजाइतका मोठा. ताराबाई दारातच हात जोडून उभ्या होत्या. काकांना डोळे पुसायला रुमाल सापडेना.

उतरतानाही तेच चौघं, तोच मुकादम. काकडी खाल्ली. चव तीच आहे.

जाणाऱ्यांसाठी दुरुस्ती : मधल्या टप्प्याचा कठडा चढताना डावीकडे आहे. फक्त उजवा हात चालणाऱ्यांना तो उपयोगी नाही. तिथे उभं राहून विचारा. मी विचारलं, तेव्हा दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुपारी परबांच्या रिक्षाने विक्रोळीला परतलो. बाबा वाटेत झोपले. इमारतीत शिरलो तर शिंदेमामांचं दार उघडंच होतं. ते बाहेर आले, पण या वेळी काही विचारलं नाही. बहुधा माझं उत्तर त्यांना पाठ होतं.

"मामा," मी म्हटलं, "धरता का?"

त्यांनी आतून मुलाला आणि सुनेला हाक मारली. चौघांनी चार कोपरे धरले. मामा एक, दोन मोजायला लागले, तेवढ्यात बाबांची मूठ वर गेली. मामांची पकड चुकीची होती. ती सुधारून झाल्यावर बाबांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि तर्जनी वर केली.