पुणतांब्याचा डावा स्पीकर

पुणतांब्याला भाऊसाहेबांच्या हॉलमध्ये स्पीकरच्या दोन जोड्या उभ्या होत्या आणि त्यातली एक माझी नव्हती. ती संदीपची होती. छातीएवढी उंच, काळी कुळकुळीत, एकेका स्पीकरला दोन-दोन मोठे वूफर. शेजारी माझी जोडी होती. कंबरेएवढी, अंगानं बारीक, अक्रोडी रंगाची. लग्नाच्या फोटोत कोणीतरी ओढून कडेला उभी केलेली पाहुणी दिसते, तशी ती दिसत होती.

मी नगरला सावेडीत स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर विकते, घरी जाऊन बसवूनही देते. दोन्ही जोड्या फ्लोअर-स्टँडिंग, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर. वूफर म्हणजे त्यातला मोठा गोल, जो खालचे जड सूर काढतो. एरवी गिऱ्हाईक दुकानात येतं, ऐकतं, घासाघीस करतं, घेऊन जातं. दोन दुकानदारांना एकाच दिवशी, आपापला माल घेऊन घरी बोलावणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं.

फोनवर मी म्हटलं होतं, "दुकानात या ना ऐकायला. चहा घेऊ."

"दुकानात समदंच ग्वाड लागतं, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "आमी गाय घेतो तवा दोन येळचं दूध डोळ्यांदेखत पिळून बघतो. मंग दावं हातात घेतो. तुमी जोडी घिऊन या. दुसरा बी येतोय."

"दुसरं कोण?"

"केडगावचा संदीप. वळखता का?"

ओळखते का! नगरच्या एका जुन्या दुकानात आम्ही दोघं एकाच टेबलावर काम करायचो. सोल्डरिंग त्याला मी शिकवलं. स्पीकरला दोन तारा जातात, लाल तार लाल टर्मिनलला आणि काळी काळ्याला, हा पहिला धडाही माझाच. आज त्याचं पुणे रोडला दोन मजली शोरूम आहे. गालिचा घातलेली एसी डेमो रूम आहे. माझा एक गाळा आहे, आणि शेजारच्या गिरणीचं पीठ माझ्या काचेवर बसतं. पुण्याला जाताना त्याच्या बोर्डाकडे बघायचं नाही असं मी दर वेळी ठरवते आणि दर वेळी बघते. जळते मी त्याच्यावर. उगाच आढेवेढे कशाला घ्या?

बरं, माणूस वाईट असता तर सोय झाली असती. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण हा भेटला की वाकून "ताई, कशा आहात?" विचारतो. दिवाळीला फराळाचा डबा पाठवतो. त्याची चकली माझ्या चकलीपेक्षा खुसखुशीत असते.

भाऊसाहेबांचं काम मला हवंच होतं. त्या भागात पेरूच्या बागावाल्यांचे नवे बंगले उठलेत, आणि भाऊसाहेबांकडे जे वाजेल तेच बाकीचे मागणार होते. हे एक कारण. दुसरं म्हणजे समोरासमोरच्या सामन्यात मी संदीपला एकदाही हरवलं नव्हतं. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं.

मी भाड्याच्या टेम्पोतून स्पीकर गोधडीत गुंडाळून आणले. संदीप स्वतःच्या बंद गाडीतून आला. गाडीवर त्याचं नाव, आत फोमच्या पेट्या. मी गोधडी पटकन घडी घालून सोफ्यामागे टाकली.

हॉल बघितला आणि मला बरं वाटलं. खाली गुळगुळीत मार्बल, दोन बाजूंना काच, पडदे अजून लागलेले नव्हते. अशा खोलीत आवाज शोषला जात नाही, तो भिंतीवर आपटून परत येत राहतो. त्यातून हॉल तसा लहान, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देव्हारा. संदीपच्या जोडीतला एक स्पीकर नेमका देव्हाऱ्याला चिकटून बसणार होता. कोपऱ्यातला मोठा स्पीकर घुमतो, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे. मनातल्या मनात मी पेढे वाटले.

भाऊसाहेब गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांनी देवळात केलेलं मंडळाचंच रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी आधीच घेतलेला होता, तोच दोघांना वापरायचा होता.

"माझ्या पखवाजाचा आवाज मला ठावं हाय," ते म्हणाले. "तुमी मला शिकवायचं न्हाई. ज्याच्यात माझा पखवाज मला वळखू येईल ती जोडी ऱ्हाईल."

मी म्हटलं, "एक अट आहे. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा मोठा ठेवायचा. जी जोडी मोठ्यानं वाजते ती उगाचच चांगली वाटते."

मी मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप उघडेपर्यंत संदीपनं गळ्यात अडकवलेलं खरं मीटर काढलं. "बरोबर आहे ताईंचं," तो म्हणाला. आता बोला!

जोडणी सुरू झाली. तो त्याची करत होता, मी माझी. त्याच्या केबलवर जाळीचं आवरण, टोकाला सोनेरी प्लग, नुसतं दाबलं की बसतात. माझी केबल पारदर्शक. तिच्या दोन्ही तारा सारख्याच दिसतात, फक्त एकीवर बारीक रेघ असते. रेघवाली तार आम्ही लाल धरतो. मी तारा सोलत होते, पिळत होते आणि नजर मात्र त्याच्या हातांवर होती. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या आणि आधी त्याच्यापाशी थांबल्या. "किती नीटनेटकं काम हाय वो तुमचं," त्या त्याला म्हणाल्या. मी दात आवळून उरलेले स्क्रू आवळले.

आधी संदीपची जोडी वाजली.

टाळ सुरू झाले तेव्हा मला घाम फुटला. आवाज मोठा, भरदार, हॉलभर पसरलेला. मग पखवाज पडला. डाव्या हाताच्या थापेचा तो जड आवाज काढायला वूफर पुढे सरसावले आणि ती थाप भिंतींत फिरत राहिली. पहिली थाप विरायच्या आत दुसरी आली. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक ताम्हणात किणकिणायला लागले.

"अगं बया, देव हालाया लागलं!" वहिनी म्हणाल्या.

संदीपनं स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. तेही बरोबर केलं त्यानं, मोठ्या स्पीकरला मागे मोकळी जागा लागतेच. किणकिण कमी झाली, पण स्वयंपाकघरात जायची वाट अडली. थापांचा गुंता मात्र तसाच राहिला.

"जोर हाय," भाऊसाहेब म्हणाले. "पर एक थाप मारली तर तीनदा ऐकू येती. मी यवढा घाईत वाजवत न्हाई."

मी चेहरा सरळ ठेवला. फार कष्ट पडले.

मग माझी जोडी वाजली. टाळ आले, गळे आले. पखवाज आला आणि गेला. म्हणजे थापेची टकटक ऐकू येत होती, तिच्याखालचा जड आवाज कुठेच नव्हता. आणि भजन म्हणणारे बुवा नेमके कुठे बसून गातायत तेही कळत नव्हतं. कधी खिडकीत वाटायचे, कधी डोक्यामागे. स्पीकर बारीक आहेत खरे, पण इतके नाहीत. माझ्या दुकानात ते कसे वाजतात हे मला माहीत आहे. मी अ‍ॅम्प्लिफायरची बटणं उगाचच फिरवली. काही फरक पडला नाही.

भाऊसाहेबांनी हात वर करून थांबवलं.

"बाई, तुमच्या पखवाजाला कनीक लावायची ऱ्हायली."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्यातून तो खोल आवाज येतो. कणकेशिवाय तो नुसता पत्र्यासारखा वाजतो. अगदी तसंच वाजत होतं. वादकाचा कान, त्याच्याशी वाद कसला घालणार? मी गार पडले. पुणतांब्याचं काम गेलं, आजूबाजूचे बंगले गेले, आणि संदीप परत जिंकला, तेही चुकीची जोडी आणून.

तेवढ्यात संदीप चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला. मान खाली घालून हळूच म्हणाला, "ताई, डावा बघा."

मी डाव्या स्पीकरच्या मागे गेले. रेघवाली तार काळ्या टर्मिनलमध्ये होती.

हे जरा समजावून सांगते. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. दोन्ही स्पीकर एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे यायला हवेत. एकाची तार उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी खुंटा विरुद्ध दिशांना ओढावा, तसं. जोर दोघींचाही लागतो, पीठ काही पडत नाही. वरचे सूर कसेबसे येतात, खालचे एकमेकांना खाऊन टाकतात. शिकाऊ मुलं करतात ही चूक. संदीपनं पहिल्या आठवड्यात केली होती आणि मी त्याला सगळ्या दुकानासमोर झापलं होतं.

त्यानं मला कोणासमोर झापलं नाही. तो गप्प बसला असता तर काम त्याचंच होतं. मी तार बदलली. हा माणूस एवढा चांगला का वागतो, याचा मला संताप आला होता.

"काय झालं वो?" भाऊसाहेबांनी विचारलं. "काय म्हनला त्यो तुमाला?"

मी तोंड उघडायच्या आत संदीपच म्हणाला, "काही नाही भाऊसाहेब, तार जरा ढिली होती."

म्हणजे चूक दाखवायची पण यानंच आणि झाकायची पण यानंच! माझ्याच्यानं ते सहन झालं नाही.

"ढिली नव्हती," मी म्हटलं. "उलटी होती. मी लावली उलटी. आणि ती यांनी ओळखली."

हे मी प्रामाणिकपणापोटी बोलले असं कृपया समजू नका. त्याचे उपकार अंगावर ठेवण्यापेक्षा फजिती परवडली, एवढंच.

भाऊसाहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "लावा पुन्यांदा."

या वेळी पखवाज आला तो सरळ समोर बसून. एक थाप, एक आवाज. डावा हात वेगळा, उजवा वेगळा. बुवा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये आले. भाऊसाहेबांची बोटं मांडीवर चालायला लागली. वहिनींनी देव्हाऱ्याकडे बघितलं, टाक जागच्या जागी होते.

भजन संपलं.

"हां," भाऊसाहेब म्हणाले. "आता लागली कनीक. ही जोडी ऱ्हाऊ द्या."

मी जिंकले होते. संदीपला समोरासमोर हरवलं होतं. पेढे खरोखर वाटायची वेळ आली होती, आणि माझ्या तोंडाला कसलीच चव नव्हती.

संदीपनं हसून माझं अभिनंदन केलं आणि आपले जड स्पीकर फोमच्या पेटीत घालायला घेतले. भाऊसाहेब त्याला दारापर्यंत सोडायला गेले. मी सोफ्यामागून गोधडी काढत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"आमच्या देवळाच्या सभामंडपाला साऊंड बसवायचाय. जागा मोठी हाय. आनखी चार गावच्या मंडळांचं बी तसंच चाललंय. ते समदं तुमी बघायचं."

"ताईंना पण विचारा की," संदीप म्हणाला.

"त्यांची जोडी चांगली हाय, म्हनून जोडी ठिवली. पर दुसऱ्याच्या गायीचा सड निकामी न्हाई, नुसता चिमटा बसलाय, ह्ये आपला सौदा सोडून सांगनारा मानूस बाजारात घावत न्हाई. त्यो घावला, म्हनून त्यो ठिवतो."

म्हणजे हॉल माझा आणि गावं त्याची.

पुढे सभामंडपाचं काम झालं. चालू करायच्या आदल्या दिवशी संदीपचा फोन आला. "ताई, खूप स्पीकर आहेत, वायरिंगवरनं एकदा तुमची नजर फिरेल का? मला शिकवलंय तुम्हीच." गेले. शिडी लावून एकेक स्पीकर उघडून पाहिला. लाल लालला, काळी काळ्याला, सगळीकडे. एकही तार उलटी नव्हती. मी फार शोधली.

तेव्हा माझ्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगते. तारा जोडताना नजर आपल्या हातावर ठेवावी. शेजारी कोणी चांगला माणूस काम करत असेल, तर दोनदा तपासावं.