टिलरला कायदा नसतो

गुणाजी रिक्षा चालवायचा, तेव्हा दारूच्या वासालाही उभा राहत नसे. परवाना गेला असता तर घर बसलं असतं. नांगरणीच्या पॉवर टिलरला मात्र दारूबंदीचा हा कायदा लागत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या दुपारी गावाने वेशीवरच्या राखणदार देवाला वर्षाचा दारूचा मान दिला. उरलेली दारू तीर्थ म्हणून पुरुषांच्या ओंजळीत आली, ती गुणाजी प्यायला. मग टिलरच्या ट्रॉलीत जेवणाचे टोप आणि बायको शेवंतीला घेऊन निघाला, तर तिठ्यावर पोलीस.

"फुंका," त्याचा रिक्षाचा परवाना बघून शिपाईबाईंनी श्वास तपासायचं यंत्र पुढे केलं.

"मॅडम, ही खंय गाडी? नांगरूचो टिलर आसा."

"इंजिन आहे, रस्त्यावर आहे. आकडा तिसाच्या वर गेला तर परवाना जाईल, रिक्षाचासुद्धा."

गुणाजीने फुंकलं. आकडा चढत चढत सव्वीसवर थांबला.

"जा."

पण त्याचे हात टिलरच्या मुठीला लागेनात. बचतगटाचा ट्रॅक्टर चालवणारी शेवंती खाली उतरली आणि तिने मुठी धरल्या.

"टिलराक कायदो नाय म्हणत होतास मा? आता बसा टोपांत!"

गुणाजी टोप सरकवून ट्रॉलीत चढला.